जास्त विरघळणारी भूल उशिरा का चढते?

प्रश्न : सेवोफ्लुरेन हे श्वासातून दिलं जाणारं भुलीचं औषध रक्तात कमी विरघळतं म्हणून भूल लवकर चढते, असं आम्हाला शिकवतात. जे जास्त विरघळतं तेच मेंदूत जास्त पोहोचायला हवं ना? आणि एका औषधाच्या व्हेपोरायझरमध्ये (द्रव औषधाची वाफ करून ती मोजून देणाऱ्या यंत्रात) दुसरं भरलं तर नेमकं काय बिघडतं?
– ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी

उत्तर : मेंदूवर परिणाम होतो तो औषधाच्या आंशिक दाबामुळे (मिश्रणात त्या एका औषधाचा स्वतःचा जो दाब असतो, त्यामुळे), रक्तात एकूण किती औषध मुरलं, त्यामुळे नाही. गल्लत इथेच होते. रक्त आणि वायू, दोन्हीकडचा दाब सारखा झाल्यावर रक्तात वायूच्या किती पट औषध असतं, तो रक्त-वायू गुणांक. डेसफ्लुरेनचा सुमारे ०.४२, सेवोफ्लुरेनचा ०.६५, आयसोफ्लुरेनचा १.४, हॅलोथेनचा २.४ आणि जुन्या ईथरचा तब्बल १२. ईथर दिलं की वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) आलेलं औषध रक्त ओढून नेत राहतं. तिथला दाब वाढायला वेळ लागतो आणि मेंदूतला दाब त्याच्या मागूनच चालतो. रुंद घंगाळात पाण्याची पातळी हळू चढते, तसंच.

म्हणूनच शॉकमधल्या (रक्ताभिसरण मंदावलेल्या) रुग्णाबाबत जपावं लागतं. हृदयाकडून कमी रक्त फिरतं, फुप्फुसातून औषध कमी उचललं जातं आणि वायुकोशातला दाब झपाट्याने चढतो. आयसोफ्लुरेनसारख्या विरघळणाऱ्या औषधात हा फरक अधिक जाणवतो.

गुणांक वेग सांगतो, ताकद नाही. ताकदीसाठी मॅक पाहा : त्वचेला छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत, ती वायुकोशातली मात्रा. चाळिशीच्या आसपास आयसोफ्लुरेनचा मॅक सुमारे १.१५ टक्के, सेवोफ्लुरेनचा २, डेसफ्लुरेनचा ६.

आता व्हेपोरायझर. २० अंशांना सेवोफ्लुरेनचा बाष्पदाब साधारण १५७ मिमी पारा, आयसोफ्लुरेनचा २३८. सेवोच्या व्हेपोरायझरमध्ये चुकून आयसो भरलं आणि डायल २ टक्क्यांवर ठेवली, तर बाहेर सुमारे साडेतीन टक्के आयसो येतं. म्हणजे एका मॅकऐवजी तीन! रक्तदाब कोसळतो. उलट चूक झाली तर आयसोच्या १.१५ टक्क्यांच्या खुणेवर जेमतेम ०.६६ टक्के सेवो मिळतं, मॅकचा तिसरा हिस्सा. रुग्ण शस्त्रक्रियेत जागा होऊ शकतो. डेसफ्लुरेन तर २३ अंशांनाच उकळतं, म्हणून त्याला ३९ अंशांपर्यंत तापवणारं वेगळं विजेचं यंत्र लागतं.

बाटलीची कॉलर (गळ्याभोवतीचं कडं) आणि भरण्याचं तोंड जुळत नसेल तर जोर लावू नका. तो अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो. तरीही चुकीचं भरलं गेलंच, तर नुसतं ओतून काढणं पुरत नाही, कारण आतल्या वातीत औषध शिल्लक राहतं. व्हेपोरायझर लगेच वापरातून काढा, त्यावर ठळक चिठ्ठी लावा, भूलतज्ज्ञांना सांगा आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे रिकामा व साफ होईपर्यंत परत जोडू नका.