जुनं सैनिकी रिव्हॉल्व्हर: आधी खुणा वाचा

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे आणि आसपासच्या गावांत माजी सैनिकांची घरं कमी नाहीत. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या हत्याराबद्दलचे प्रश्न सतत येतात. यावेळी सात घेतले आहेत.

"पणजोबा पलटणीत होते. त्यांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर वडिलांच्या परवान्यावर होतं. वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. हे नेमकं कुठलं मॉडेल, आणि ते माझ्या नावावर होईल का?" (खानापूर तालुका)

परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवून कागदांच्या मागे धावू नका. शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. दोन महिने झालेत, म्हणजे उशीर झालाच आहे. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन आधी ठाण्यात जा, हत्यार कसं आणायचं ते विचारा, आणि जमा केल्याची पावती जपून ठेवा. पुढचा सगळा अर्ज त्या पावतीवर उभा राहतो.

आता मॉडेल. ठाण्यात देण्याआधी खुणांचे फोटो काढा, पण हत्यार रिकामं आहे याची खात्री करून. बोट चापापासून लांब आणि नळी भरीव भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवा. डाव्या बाजूचा अंगठ्याचा खटका दाबून नळी खाली मोडा आणि चक्रीतली सहाही घरं (काडतुसांच्या जागा) डोळ्यांनी बघा. जुनं काडतूस अडकलेलं असेल तर ठोकून काढू नका, तसंच ठेवून ठाण्यात सांगा.

मूठ खाली चौकोनी आणि नळी 6 इंची असेल तर ते बहुधा मार्क सहा (मार्क म्हणजे मॉडेलचा क्रम), .455 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथे इंचात). ब्रिटिश सैन्याने हे 1915 मध्ये स्वीकारलं. रिकाम्याचं वजनही किलोभराच्या वर भरतं. आधीच्या मार्कांची मूठ बहुतेक पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल असते. नळी 5 इंची आणि अंगाने हलकं, पाऊण किलोच्या आसपास असेल तर ते .38 चं, वेब्ली मार्क चार किंवा एनफिल्ड नंबर दोन. ही दोन जुळी भावंडं वाटतात, म्हणून अक्षरं वाचा. वेब्लीवर ".38 145/200" असा छाप सापडतो. एनफिल्डच्या उजव्या अंगावर मुकुट, मॉडेल आणि साल असतं. एनफिल्डच्या घोड्याला मागचा अंगठ्याचा काटा नसेल तर ते 1938 पासूनच्या नमुन्याचं किंवा नंतर तसं बदललेलं, फक्त चाप ओढूनच चालणारं.

बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते सैन्याने रीतसर विकून टाकलेलं हत्यार. ही जोडखूण असेल तर तिचा फोटो अर्जाला जरूर जोडा.

नावावर होण्याचा प्रश्न बोअरपाशी अडतो. .38 आणि .455 ही हातातली हत्यारं आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये धरली जातात. त्यांच्या परवान्याचा निर्णय डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) होत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा. .32 असेल तर जिल्हा पातळीवर काम होतं. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. धारक हयात असतानाही, त्याने सत्तरी ओलांडली असेल किंवा हत्यार 25 वर्षं बाळगलं असेल, तर वारसाला अर्ज करता येतो. ज्यांचे वडील अजून आहेत त्यांनी हे आत्ताच करावं. आणखी एक: 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि वारशाने आलेलं त्या दोनांतच मोजलं जातं. तुमच्याकडे आधीच रानडुकरांसाठी बारा बोअर आणि एखादी रायफल असेल, तर आधी एक कमी करावं लागेल.

"आमच्याकडचं रिव्हॉल्व्हर गंजून जाम आहे, घोडाही हलत नाही. मग परवाना कशाला?" (चिकोडी)

लागतोच. कलम 45 मधली सूट अशा पुराणवस्तूला किंवा मोडक्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही. गंजलेलं वेब्ली चांगला कारागीर चार दिवसांत मोकळं करतो. त्यामुळे "जाम आहे" हा बचाव टिकत नाही. सूट मिळते का, हे परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

"दरवर्षी खोबरेल तेल लावून चामड्याच्या म्यानात ठेवतो, तरी पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात." (जांबोटी)

दोन्ही सवयी मोडा. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात उरतात, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चामडं ओल धरून बसतं. म्यानाची पितळी बटणं बघा: त्यांच्या कडेला हिरवट, मेणासारखा थर दिसेल. पितळाला जे हिरवं करतं तेच पोलादाला खातं. म्यान वेगळं ठेवा आणि हत्यार स्वच्छ सुती कापडात, कुलपाच्या लोखंडी कपाटात. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या तापवून कोरड्या करा.

खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे ते घोड्याच्या कप्प्यात मेणासारखं बसतं, पुढे खवट होऊन चिकट डिंक बनतं. चाप जड लागतो, घोडा पूर्ण वेगाने पडत नाही, काडतूस फुटत नाही, आणि दोष काडतुसाला जातो. पातळ मशीन ऑइल किंवा बंदुकीचं तेल वापरा, तेही थेंबाथेंबाने. ओथंबून लावलेलं तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपतं.

गोळीबारानंतरची साफसफाई मात्र तेलाची नाहीच, पाण्याची आहे. जुन्या सैनिकी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार नळीत उरतो. रॉकेल आणि तेल हा क्षार विरघळवत नाहीत, त्याच्यावर नुसतं पांघरूण घालतात. हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि दुसऱ्या दिवशी नळी तपकिरी दिसते. खोक्यावर टोपी क्षारविरहित असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ती क्षाराची धरून चाला.

त्याच संध्याकाळी लाकडी मूठ काढून ठेवा. नळीतून आणि प्रत्येक घरातून उकळतं पाणी दोनदा ओता. गरम पोलाद स्वतःच कोरडं होतं. मग कोरड्या चिंध्या, आतून पितळी ब्रश, पुन्हा चिंध्या, शेवटी तेलाची पुसट चिंधी. टोचा (टोपीवर आपटणारं घोड्याचं टोक) ज्या भोकातून पुढे येतो तिथला भाग विसरू नका, गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. तिसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस आली तर पाण्यापासून पुन्हा सुरुवात.

वरचे ठिपके पॉलिश पेपरने घासू नका. मूळ काळसर मुलामा आणि छाप गेले की संग्राहकाच्या दृष्टीने अर्धी किंमत गेली. आणि नंबर पुसट झाला तर प्रकरण फौजदारी होऊ शकतं. तेलात भिजवलेलं तांब्याचं नाणं आडवं धरून हलक्या हाताने फिरवा. तांबं पोलादापेक्षा मऊ, गंज उचलतं पण मुलाम्याला फारसं दुखवत नाही.

"परवान्यावर नुसतं '.32 बोअर' लिहिलंय. दुकानात दोन प्रकारची .32 काडतुसं दिसतात. दोन्ही चालतील?" (निपाणी)

नाही, आणि ही चूक महागात पडते. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .32 रिव्हॉल्व्हर म्हणजे वेब्ली मार्क चारचीच नक्कल, .38 निषिद्ध असल्याने .32 मध्ये उतरवलेली. त्याचं काडतूस .32 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग: पुंगळी सुमारे 23 मिलिमीटर, बुडाची कड चांगली बाहेर आलेली. दुसरं .32 एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) हे पिस्तुलाचं: पुंगळी 17 मिलिमीटर, कड जेमतेम बाहेर आणि तिच्यापुढे खाच. हे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरतं, तिथेच फसगत होते. अमेरिकन मानकाप्रमाणे लाँगचा कमाल दाब 15,000 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), एसीपीचा 20,500. नळी खाली मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा सगळा भार वरच्या खटक्यावर आणि पुढच्या बिजागरीवर येतो. ते जास्त दाबासाठी घडवलेले नाहीत. दुकानातच एक काडतूस काढून नखाने खाच चाचपा.

पुंगळ्या बाहेर काढताना हत्यार एका झटक्यात पूर्ण उघडा. हळू उघडलं तर एखाद्या पुंगळीची कड तिला वर उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याखाली घसरते आणि हत्यार ना मिटतं ना उघडतं.

"वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेताना काय तपासायचं?" (बेळगाव)

रिकामं करून, विक्रेत्याच्या परवानगीने. मिटलेल्या स्थितीत नळी वर-खाली हलवा: बिजागरीत खडखड नको. घोडा अगदी सावकाश मागे ओढा. तो अडकण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी चक्री जागेवर बसली पाहिजे. सहाही घरांवर हे करा, एक घर मागे राहिलं तरी नको म्हणा. असं घर नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही, गोळीच्या कडेचं शिसं खरवडलं जातं आणि बाजूला उडतं. चक्री आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: 0.10 ते 0.25 मिलिमीटर ठीक. नळीत उजेड टाकून बघा. आत अंगठीसारखी गडद कडी दिसली तर कधीतरी गोळी मध्येच अडकली होती आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली. अशी नळी फुगलेली असते. स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या असतील तर आत कुणीतरी अडाणीपणाने हात घातलाय असं समजा. रिकामा चाप वारंवार ओढून मात्र तपासू नका. घोड्यावरचा टोचा तुटतो, नकली काडतूस घाला.

"मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे जुनी सैनिकी पिस्तुलं स्वस्त मिळतात म्हणतो. पहिलं कुठलं घ्यावं, आणि इकडे आणता येईल का?" (शहापूर)

साधारणपणे आणता येत नाही, तो विषय डोक्यातून काढा. मुलगा एच-वन-बीसारख्या व्हिसावर असेल तर तिथल्या संघराज्य कायद्याने त्याला साधारणपणे बंदूक बाळगताही येत नाही. शिकारीचा परवाना यासारखे थोडे अपवाद आहेत, ते त्याने तिथल्या वकिलाकडून समजून घ्यावेत. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. 50 वर्षांपेक्षा जुन्या हत्यारांसाठी तिथे संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना 30 डॉलर.

पहिल्यासाठी आम्ही मकारोव्ह हे सोव्हिएत पिस्तूल सुचवू: साधी रचना, नळी चौकटीत पक्की, मोडतोड कमी. फक्त काडतूस 9×18. त्याची गोळी साध्या 9 मिलिमीटरपेक्षा जाड असते, दोन्हीत गल्लत नको. टोकारेव्ह या दुसऱ्या सोव्हिएत पिस्तुलाला मूळचा सेफ्टी खटका नाही, आयातदारांनी बसवलेला असतो, त्यावर विसंबू नये. चेक सीझेड-52 दिसायला दणकट, पण टोचा ठिसूळ, आणि घोडा उतरवणाऱ्या खटक्यावर भरलेल्या पिस्तुलात भरवसा ठेवू नये. नागांत 1895 हे रशियन रिव्हॉल्व्हर सात गोळ्यांचं, चाप ओढला की चक्री पुढे सरकून फट बंद होते. यंत्र म्हणून अप्रतिम, नेम शिकायला वाईट, कारण चाप फार जड. आणि वेब्ली मार्क सहा दिसलं तर चक्रीचं मागचं तोंड बघायला सांगा. तिथे पुष्कळांचं तोंड घासून .45 एसीपी बसेल असं केलेलं आहे. कारखान्याचं .45 एसीपी या चक्रीला झेपत नाही, भिंती फाटल्याची उदाहरणं आहेत.

"कोगनोळी ओलांडून कोल्हापूरला जाताना परवानाधारक रिव्हॉल्व्हर सोबत नेलं तर?" (कारदगा)

परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे फक्त कर्नाटक असेल तर दूधगंगेच्या पलीकडे तुमचं हत्यार विनापरवाना आहे, मग सासुरवाडी चार किलोमीटरवर का असेना. क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज परवाना देणाऱ्या कार्यालयातच करायचा, आणि शेरा प्रत्यक्ष परवान्यावर पडेपर्यंत हत्यार कपाटात. परवान्यावर यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.