तिथे क्लीनर नसतो

तुझा निरोप परवा रात्री वाचला. आधी खनिजाचा टिपर, आता दोन वर्षं वेर्णा-बेंगळुरू ट्रेलर, आणि पुढे कॅनडात लांब पल्ल्याच्या ट्रकवर जायचा बेत. "दादा, गाडी मला येते. आणखी काय शिकून जाऊ? म्हापशाचा एक एजंट चौदा लाख मागतो, देऊ का?" असं तू विचारलंस. मी चतुर्थीला गोव्यात साखळीला घरी आलोय, हाताशी वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पैशाचं आधी. देऊ नकोस. तिथल्या मालकाला परदेशातून कामगार आणायचा असेल तर बहुतेक वेळा त्याला एलएमआयए नावाची सरकारी मंजुरी काढावी लागते. तिची फी एक हजार कॅनेडियन डॉलर आहे. ती मालकाने भरायची असते, कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. जो माणूस त्या कागदाचेच लाखो रुपये मागतो, तो पहिल्या पायरीलाच तुला बेकायदा व्यवहारात ओढतोय. आणि "गोव्याचा हेवी परवाना तिकडे चालतो" असं तो म्हणाला असेल तर तेही खोटं. सगळं नव्याने द्यावं लागतं: लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षणाचे तास, मग रस्त्यावरची परीक्षा. मी विनिपेगला असतो. तिथे, म्हणजे मॅनिटोबात, क्लास वन परवान्यासाठी, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या अवजड ट्रकच्या परवान्यासाठी, २०१९ पासून किमान १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ओंटारियोत हे २०१७ मध्येच सुरू झालं, तिथे १०३.५ तास. मी गेलो तेव्हा मॅनिटोबात अशी सक्ती नव्हती. ती आली कशी, ते पुढे सांगतो. आरटीओतून मात्र तुझा परवाना कधीपासूनचा आहे याचा इंग्रजी दाखला घेऊन ठेव, अनुभव दाखवायला तो लागतो.

गाडी तुला येते, हे मी मनापासून मानतो. पावसाळ्यात, धुक्यात, भरला ट्रेलर घेऊन अनमोडचा घाट उतरणाऱ्याला गिअर आणि ब्रेक काय ते मी शिकवायला नको. पण तेव्हा तुझ्या शेजारी कोण असतं ते आठव. टायरवर पाना आपटून हवा बघतो कोण? चाकाखाली दगड लावतो कोण? ताडपत्रीची दोरी सुटली तर आरशात न बघता मान बाहेर काढून सांगतो कोण? मागे घेताना "येऊं दी, येऊं दी... राव (थांब)!" ओरडतो कोण? मोल्याच्या चेकपोस्टवर कागद घेऊन धावतो कोण? तिथे क्लीनर नसतो. प्रशिक्षणात जे जे शिकवतात ते मला तरी शेवटी असंच कळलं: क्लीनरची सगळी कामं ठरलेल्या क्रमाने, दर वेळी, एकट्याने करायची.

सकाळची तपासणी त्यातली पहिली. दर २४ तासांत एकदा गाडीभोवती फिरून बघायचं आणि त्याची नोंद जवळ ठेवायची, असा नियमच आहे. चाकांच्या नटांपासून गंजाचे ओघळ निघालेत का, हबमधून तेल गळतंय का, जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का, ब्रेक चेंबरचा दांडा किती बाहेर येतो, दिवे, हवेचे पाइप. मग केबिनमध्ये हवेची परीक्षा: पूर्ण दाब भरायचा, इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायचा आणि एका मिनिटात काटा किती उतरतो ते बघायचं. मग पेडल मारत दाब कमी करत न्यायचा. साधारण ६० पीएसआयच्या आसपास धोक्याची घंटा वाजली पाहिजे, आणखी खाली गेल्यावर पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप उडाली पाहिजेत. दोष दोन प्रकारचे मानतात. किरकोळ असेल तर नोंद करून जाता येतं, मोठा असेल तर गाडी हलवायचीच नाही, मग ऑफिसमधून कोणी काहीही म्हणो. रस्त्यावरच्या परीक्षेच्या दिवशी ही तपासणी परीक्षकासमोर करावी लागते, एकेक भाग दाखवत, इंग्रजीत बोलत. आपली चांगली पोरं इथे अडतात. हाताला सगळं माहीत असतं, तोंडाला नावं येत नाहीत. ही नावं तू आजपासून, स्वतःच्या ट्रेलरखाली वाकून, मोठ्याने म्हणायला लाग.

ट्रेलर जोडण्याबद्दल जास्त लिहितो, कारण तिथे माझी चूक झाली. पहिलाच हिवाळा, पहाटेची वेळ, उणे २८ तापमान. एका यार्डातून दुसऱ्या कोणी सोडलेला ट्रेलर उचलायचा होता. घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, मागे घेतला, खट असा आवाज आला, ट्रेलरचे ब्रेक लावून पुढे ओढून बघितलं. घट्ट वाटलं. थंडीत पुन्हा खाली वाकायचा कंटाळा केला, ट्रेलरचे टेकूचे पाय वर घेतले, पाइप जोडले, निघालो. यार्डाच्या फाटकाकडे वळताना ट्रेलर सुटला आणि नाकावर बसला. हवेचे पाइप आणि विजेची केबल तुटून लोंबकळत होती. मागेपुढे माणूस नव्हता, एवढीच देवाची कृपा. झालं असं होतं की ट्रेलर जरा उंच उभा होता. किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालचा खुंटा, फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे घोड्यावरच्या जोडणीच्या ताटाच्या, जबड्यात जायच्या ऐवजी वरून सरकून पुढे अडकला होता. अशा वेळी ओढून बघितलं तरी गाडी ओढली जाते.

तेव्हापासूनचा माझा क्रम सांगतो. ट्रेलरच्या पुढ्यात पोचलो की थांबायचं, उतरायचं, उंची बघायची. ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची पाटी फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घोडा आत जाताना तिला थोडी उचलतो. आत गेलं, आवाज आला, ओढून बघितलं, की पुन्हा उतरायचं, टॉर्च घेऊन खाली वाकायचं. जबडा किंगपिनच्या मानेभोवती बंद झालेला डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि पाटी नि फिफ्थ व्हील यांच्यात फट दिसता कामा नये. ते बघितल्याशिवाय पाय वर घ्यायचे नाहीत. लाल पाइप पुरवठ्याचा, निळा ब्रेकचा, त्यांची रबरं फाटलेली नाहीत ना तेही तेव्हाच बघायचं.

मागे घेण्याचंही तेच. ट्रेलर ५३ फुटांचा असतो. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून डावीकडे वळवत मागे घेताना ट्रेलरची कड दिसते. उजवीकडे वळवत घेतलं तर काहीच दिसत नाही, ते शक्यतो टाळायचं. शंका आली की थांब, उतर, चालत मागे जाऊन बघ, परत चढ. चार वेळा उतरलास म्हणून तिथे कोणी हसत नाही. आणि इथे आपल्याला डावं वळण अरुंद असतं, तिथे उजवं. मागची चाकं कोपऱ्यावर चढतात ती त्याच बाजूला. हे अंगात मुरायला मला काही महिने लागले.

आता ती सक्ती कशी आली ते. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवानमध्ये एका चौकात ट्रक स्टॉप पाटी ओलांडून गेला आणि हम्बोल्ट गावच्या तरुण हॉकी संघाची बस त्याच्यावर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. ट्रकचालक भारतातून आलेला, या कामात अगदी नवा. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात पुढे आलेली एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. मागच्या ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती, आणि त्याचं लक्ष आरशात तिच्याकडे होतं. ताडपत्री रे! जिच्या दोऱ्या बांधण्यात आपली निम्मी हयात गेली. इथे क्लीनरने बघितलं असतं. तिथे ती फडफडायला लागली की करायची गोष्ट एकच: सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, बांधायची. तोवर डोळे रस्त्यावर. त्या अपघातानंतर, २०१९ मध्ये, सस्कॅचेवान, आल्बर्टा आणि मॅनिटोबात प्रशिक्षणाचे तास सक्तीचे झाले.

तासांचा हिशेब इथल्यापेक्षा अगदी वेगळा. दिवसात जास्तीत जास्त १३ तास चालवायचं, एकूण काम १४ तास. शिवाय सलग आठ तास विश्रांती घेऊन निघालास की १६ तासांनी खिडकी बंद. सकाळी पाचला निघालास तर रात्री नऊनंतर चालवायचं नाही, मग मधले चार तास तू जेवत बसलेला असशील तरी. नेहमीच्या चक्रात सात दिवसांत ७० तास, ते संपले की सलग ३६ तास सुट्टी घेतल्यावर नवं चक्र. सीमा ओलांडून अमेरिकेत गेलास की त्यांचे नियम: ११ तास चालवणं, १४ तासांची खिडकी. प्रांताबाहेर जाणाऱ्या गाड्यांत हे सगळं इलेक्ट्रॉनिक लॉग नोंदवतो आणि २०२३ पासून त्यावर कारवाई होते. माल भरायला तीन तास लावले नि मग "कसंही करून रात्रीत पोचव" म्हणणारे डिस्पॅचर, म्हणजे ऑफिसातून गाड्या सोडणारे, तिथेही भेटतात. "माझे तास संपले, मी इथे थांबतोय" हे वाक्य इंग्रजीत सरळ, नम्रपणे म्हणता आलं पाहिजे. कायदा त्यात तुझ्या बाजूने आहे.

वजनाचं थोडक्यात. पाच आसांच्या गाडीला साधारण ३९,५०० किलोची मर्यादा, त्यात पुढच्या आसावर ५,५०० आणि मागच्या दोन जोडांवर प्रत्येकी १७,००० किलो. एकूण बरोबर असून एका जोडावर जास्त असलं तरी दंड होतो. ट्रेलरची चाकं पुढे-मागे सरकवता येतात: मागे नेली की ट्रेलरच्या आसांवरचा भार घोड्याकडे जातो, पुढे आणली की उलट.

बर्फ मी लिहून तुला कळणार नाही, पण तीन गोष्टी धरून ठेव. विनिपेग ते व्हँकुव्हर सुमारे २,३०० किलोमीटर, शेवटी रॉजर्स पास आणि कोकाहाला हे घाट. ब्रिटिश कोलंबियाच्या अशा डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल गाडीत चाकांना चढवायच्या साखळ्या असाव्या लागतात, आणि त्या तुलाच, हातमोजे घालून, वाऱ्यात चढवायच्या असतात. दुसरं, घसरड्या रस्त्यावर इंजिन ब्रेक बंद. अनमोडला जो आपला जीव वाचवतो तोच तिथे घोडा आडवा करतो. तिसरं, रस्ता ओला दिसतोय पण समोरच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, म्हणजे ते पाणी नसून पारदर्शक बर्फ आहे. वेग हळूच उतरव, ब्रेकवर पाय मारू नकोस.

आणि एक सापळा. "तू स्वतःची कंपनी काढ, आम्ही बिलावर पैसे देतो" असं कोणी म्हटलं तर भुलू नकोस. हातात चार पैसे जास्त दिसतात, पण सुट्टीचा पगार नाही, अपघाताचा विमा नाही. वर कॅनेडियन अनुभवाच्या जोरावर कायम वास्तव्य मागताना स्वतःच्या धंद्याचा काळ धरत नाहीत. पगाराची पावती आणि वर्षाअखेरीची टी फोर (पगार नि कापलेल्या कराची स्लिप) मिळेल तिथेच काम धर.

घरच्यांनाही सांगून ठेव, चतुर्थीला यायचं तर सुट्टी मार्चमध्येच मागावी लागते. मधली चार वर्षं माझी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) फोनवर बघण्यात गेली.

मी अकरा दिवस आहे. वेर्ण्याला तुझा ट्रेलर कधी रिकामा उभा असतो ते कळव, सकाळी लवकर येतो. जोडणं-सोडणं आपण चार-पाच वेळा करू, तू भागांची नावं इंग्रजीत म्हणायची. क्लीनरला त्या दिवशी सुट्टी दे, आणि एक चांगला टॉर्च घेऊन ये.