एचपीव्ही लस : पुढच्या डोसला मुली का गळतात?

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे (रासेयो) डिसेंबरात एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धच्या लसीकरणाचं शिबिर घेतलं. पहिल्या डोसला गर्दी झाली, फेब्रुवारीत निम्म्याच मुली आल्या, जूनमध्ये तर मोजक्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का? यंदा काय बदलावं?
– एक प्राध्यापिका

उत्तर : पहिल्यापासून मुळीच नको. घेतलेला डोस वाया जात नाही. उशीर झाला तरी राहिलेलाच तेवढा घ्यायचा. हे आजच त्या मुलींना कळवा, कारण तारीख हुकली म्हणजे सगळं गेलं असं समजून बऱ्याच जणी फिरकत नाहीत. घाई मात्र चालत नाही : पहिल्या-दुसऱ्यात किमान ४ आठवडे आणि दुसऱ्या-तिसऱ्यात किमान १२ आठवडे हवेत.

गळतीला भीतीपेक्षा तुमच्या तारखा जास्त कारणीभूत आहेत. पंधरा वर्षांपुढच्यांना ०, २ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस लागतात. डिसेंबरात सुरुवात केली की तिसरा जूनमध्ये येतो. तेव्हा वसतिगृहं रिकामी आणि शेवटच्या वर्षाच्या मुली कॉलेज सोडून गेलेल्या. जुलैत सुरू करा. मग सप्टेंबर आणि जानेवारी येतात, दिवाळीची सुट्टी टळते. सप्टेंबरचा दिवस तेवढा गणपती बघून ठरवा. पहिल्याच दिवशी तिन्ही तारखा, लशीचं नाव आणि बॅच क्रमांक कार्डावर लिहून द्या, म्हणजे गावी गेलेली मुलगी तिथल्या डॉक्टरांकडे तीच लस घेऊ शकते. तिन्ही डोसांचा एकूण खर्चही आधीच सांगा. पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ मध्ये आल्यापासून स्वस्त पर्याय मिळाला आहे, पण पालकांना दुसऱ्या वेळी पैसे मागितले की नाराजी होतेच.

शिबिरात आणखी एक गोष्ट बिघडते. उपाशी आलेली एखादी मुलगी सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडते आणि मागची रांग पांगते. नाश्ता करूनच बोलवा, बसवून टोचा, नंतर १५ मिनिटं पडद्याआड बसवा आणि बाहेर जायचा रस्ता रांगेपासून वेगळा ठेवा. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, पण गोठली की ती निकामी होते. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून थेट लशीच्या डब्यात भरू नका. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच भरा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस त्याला कशाला?
– एक आई, हडपसर

उत्तर : कारण हाच एचपीव्ही विषाणू पुरुषांना घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कॅन्सर करू शकतो, जननेंद्रियांवर चामखिळी आणतो. जोडीदारालाही संसर्ग त्याच्याकडूनच होतो. सर्वाव्हॅक मुलग्यांसाठीही मंजूर आहे. पंधरावा वाढदिवस येण्याआधी पहिला डोस द्या. मग सहा महिन्यांच्या अंतराने दोनच पुरतात, एका डोसाचे पैसे वाचतात. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधं असतील तर मात्र या वयातही तीन लागतात. तसं असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा.