सीबीटी कोणाकडे घ्यावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला ओसीडी (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) आहे. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) सुचवली. आमच्याकडे एका दवाखान्यावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी आहे, दुसरीकडे ‘सर्टिफाइड सीबीटी प्रॅक्टिशनर’. फरक काय? (एक पालक, नाशिक)

पहिल्या बिरुदाची व्याख्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दिलेली आहे. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने (आरसीआय) मान्य केलेलं शिक्षण लागतं. बहुतेकांचं ते एम.ए.नंतरचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असतं, आणि त्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावे लागतात. दुसरं बिरुद कायद्यात कुठेच नाही. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन कोर्सनंतरही ते लावता येतं. म्हणून आरसीआय नोंदणी क्रमांक नि:संकोच मागा, कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

पण नोंदणी आहे म्हणून ओसीडीची सीबीटी येतेच असं नाही. पहिल्याच भेटीत विचारा : ‘ओसीडीसाठी तुम्ही नेमकं काय करता?’ उत्तरात ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन कृती रोखण्याचा सराव, आला नाही आणि फक्त ‘रिलॅक्सेशन आणि सकारात्मक विचार’ आले, तर दुसरी व्यक्ती शोधा.

प्रश्न : तीन महिने दर आठवड्याला ओसीडीच्या थेरपीला जातोय. बोलून मोकळं वाटतं, पण हात धुणं तसूभरही कमी झालेलं नाही. माझंच काही चुकतंय का? (वाचक, सोलापूर)

तुमच्या वर्णनावरून तरी चूक उपचाराच्या पद्धतीत दिसते. मोकळं वाटणं चांगलंच, पण ओसीडीत केवळ बोलण्याने चक्र तुटत नाही. धुतल्यावर चिंता उतरते आणि मेंदू शिकतो की धुतलं म्हणूनच आपण वाचलो. हे शिकणं उलटवायचं असेल, तर न धुता ती चिंता अनुभवावी लागते.

सुरुवातीला भीतीची शिडी लिहून काढतात. प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० गुण द्यायचे. दाराच्या कडीला हात लावणं ३५, कचऱ्याच्या डब्याचं झाकण ६०, सार्वजनिक शौचालयाचा नळ ९०, असं. सुरुवात साधारण ३० ते ४० पासून. कडीला हात लावायचा, तोच हात कपड्यांना, चेहऱ्याला लावायचा आणि धुवायचं नाही. चिंता चढते, मग बहुतेकदा हळूहळू उतरते. एखाद्या दिवशी नाही उतरली तरी ‘मला हे सहनच होणार नाही’ हा अंदाज खोटा ठरतो, आणि तेच महत्त्वाचं. सेशनमध्ये थेरपिस्टने हे सोबत करायला हवं आणि घरी रोज करायचा सराव लिहून द्यायला हवा.

फसतं ते चोरवाटांमुळे : मनातल्या मनात जप, खिशातलं सॅनिटायझर, ‘तासाभराने धुईन’ ही तडजोड. सर्वांत मोठी चोरवाट घरातच असते, ‘आई, स्वच्छ आहे ना गं?’ आईने प्रेमाने ‘हो रे’ म्हटलं की ते निम्मं हात धुतल्यासारखंच. तिने म्हणावं, ‘हा प्रश्न ओसीडी विचारतोय. उत्तर देणार नाही, पण मी तुझ्याजवळ बसते.’ हे एकाएकी सुरू करू नका. थेरपिस्टसमोर सगळ्यांनी मिळून ठरवा, म्हणजे मुलाला ती शिक्षा वाटत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी दिसते. नैराश्यात उपयोगी पडणारा विचारांचा तक्ता (प्रसंग, विचार, पुरावा, पर्यायी विचार) ओसीडीतही सरसकट भरायला लावतात. ‘जंतू लागण्याची शक्यता किती’ याची रोज आकडेमोड केली की तीही एक धीर मागण्याची सवय होऊन बसते.

सुधारणा मोजायला वाय-बॉक्स ही ० ते ४० गुणांची मोजपट्टी आहे. सुरुवातीपेक्षा साधारण ३५ टक्के घट झाली तर उपचार लागू पडले असं मानतात. तुमचे सुरुवातीचे गुण कुणी नोंदवलेच नसतील, तर आधी ते मागा.

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्र झालं आहे. सीबीटी शिकायचीय. दोन दिवसांचं प्रमाणपत्र पुरेल का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

ओळख होईल, हात बसणार नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची मुभा मिळाली. तेव्हा कुठेही फी भरण्याआधी आरसीआयची त्या वर्षाची मान्य अभ्यासक्रमांची आणि संस्थांची यादी पाहा.

कोर्स कोणताही असो, रुग्णाच्या लेखी संमतीने सेशन ध्वनिमुद्रित करा आणि सुपरव्हायझरला ऐकवा. आठवणीतून सांगितलेलं सेशन नेहमी प्रत्यक्षापेक्षा नीटनेटकं असतं. सीबीटीचे प्रवर्तक ॲरन बेक यांच्या पद्धतीत यासाठी ११ बाबींची गुणपट्टी आहे, प्रत्येकी ० ते ६, एकूण ६६. संशोधनात साधारण ४० गुणांना सक्षम मानतात. नवख्यांचे गुण बहुधा अजेंडा न ठरवण्यात आणि मागचा गृहपाठ न विचारण्यात जातात. मराठी मुलुखात किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची आरईबीटी (सीबीटीच्याच कुळातली, विवेकी विचारांवर भर देणारी पद्धत) आत्मसात केली, ती चिकाटी डोळ्यांसमोर ठेवा.

प्रश्न : थेरपी सुरू झाली, आता गोळ्या बंद करू का? (वाचक, ठाणे)

स्वतःहून नको. गोळी अचानक थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात, आणि आजार उलटण्याचीही भीती असते. हा निर्णय तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यांना प्रगती कळवू शकतो, डोस बदलू शकत नाही. दरम्यान जगणं नकोसं वाटू लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.