इन्स्ट्रुमेंट रेटिंग: काय वाचावं?

प्रश्न: इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (बाहेरचं न दिसता उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या पात्रतेला) एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाचं मोफत हँडबुक पुरेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: उपकरणं, होल्डिंग (हवेत ठराविक मार्गावर फिरत थांबणं), आयएलएस (रेडिओ लहरींच्या मदतीने उतरण्याची प्रणाली) समजून घ्यायला उत्तम, जरूर वाचा. नियम मात्र त्यातून पाठ करू नका. तिथे ट्रान्झिशन अल्टिट्यूड (उंचीमापकात स्थानिक दाबाऐवजी प्रमाण दाब लावायची उंची) सरसकट 18,000 फूट. आपल्याकडे विमानतळागणिक वेगळी, चार्टवर (वैमानिकांच्या नकाशावर) छापलेली. तिथे दाब इंचांत, दृश्यमानता मैलांत. लोहगावच्या मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) हेक्टोपास्कल आणि मीटर. गोंधळ इथेच होतो, म्हणून तो मेटार रोज वाचा. नियमांसाठी डीजीसीए या भारतीय नियामकाचे सीएआर (नागरी विमान वाहतुकीचे नियम) आणि विमानतळ प्राधिकरणाची ई-एआयपी (वैमानिकांसाठीची अधिकृत माहितीपुस्तिका), दोन्ही मोफत. अप्पा बळवंत चौकात जुनं थिअरीचं पुस्तक मिळालं तर घ्या, जुने चार्ट नकोत. 28 दिवसांच्या चक्रानुसार त्यांत बदल होतात. प्रश्नसंच शेवटी. आधी घेतलात तर उत्तरं पाठ होतात, आणि परीक्षेत आकडा बदलला की अडायला होतं.