‘फ्रान्सिस द फर्स्ट’चा संच: चांदीचे किती, नक्षीचे किती?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. जवळच्या एका घरातील सामानाच्या विक्रीत रीड अँड बार्टन या अमेरिकन कंपनीचा, ‘फ्रान्सिस द फर्स्ट’ नक्षीचा, काटे-चमचे-सुऱ्यांचा बारा जणांचा स्टर्लिंग चांदीचा संच ६,००० डॉलरना आहे. विक्रेता ‘अडीच किलो चांदी’ म्हणतो. सुऱ्या वगळून वजन १,६८० ग्रॅम भरले. मुलीच्या ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) पैसे काढून, गुंतवणूक म्हणून घ्यावा का?

उत्तर: ताई, सुऱ्या वेगळ्या तोलल्यात हे फार चांगले केलेत. त्यांचे पाते स्टेनलेस पोलादाचे असते आणि मुठीवर चांदीचा पातळ पत्रा असून आत दुसरेच काही भरलेले असते, त्यामुळे अडीच किलोचा हिशेब बाजूला ठेवू. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी. १,६८० ग्रॅममध्ये शुद्ध चांदी सुमारे १,५५४ ग्रॅम, म्हणजे ५० ट्रॉय औंस (चांदी तोलण्याचे माप, सुमारे ३१.१ ग्रॅमचे). सुऱ्यांतली थोडी चांदी सोडली, तर तुम्हाला औंस १२० डॉलरना पडतो आहे. त्या दिवशीच्या चांदीच्या भावापेक्षा जे जास्त जाईल ती नक्षीची किंमत, आपल्या सराफाच्या भाषेत घडणावळ. आणि मोड देताना घडणावळ हाती येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नक्षी सुंदर आहे, यात वाद नाही. १९०७ पासूनच्या या संचात काट्या-चमच्यांच्या दांड्यांवर फळाफुलांचे उठावदार घोस आहेत, आणि त्यांचे पंधरा प्रकार असल्याने चमच्यावरचा घोस काट्यावर दिसेलच असे नाही. मात्र हा नमुना दशकानुदशके बनत राहिला, म्हणून तो दुर्मीळ नाही. हरवलेला चमचा सहज मिळतो, ही वापरणाऱ्याची सोय. विकणाऱ्याला मात्र तीच अडचण. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली, तेव्हा अमेरिकेतील कितीतरी घरांनी असे संच वितळवायला दिले आणि वितळवताना नक्षी कोणी पाहिली नाही. मार्चअखेर तोच भाव ११ डॉलरच्या आसपास उतरला होता.

५२९ खात्याला हात लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणाबाहेरच्या खर्चासाठी पैसे काढल्यास नफ्यावर प्राप्तिकर आणि वर दहा टक्के दंड लागतो. संच पुढे नफ्याने विकलात, तर संग्राह्य वस्तू म्हणून दीर्घकालीन नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत जातो. घरी वापरून तोट्यात विकलात, तर तो तोटा वजा करता येत नाही.

रोज जेवायला वापरणार असाल आणि पैसे चालू बचतीतले असतील, तर त्या दिवशीच्या भावाने ५० औंसांची किंमत काढून त्यावर फार तर दहा टक्के द्या. सुऱ्या त्यातच आल्या पाहिजेत. तत्पूर्वी चमचा उजेडात तिरका धरून घोसांची टोके झिजून सपाट झाली आहेत का ते पाहा, आणि दांडीच्या मागे बोट फिरवून कोरलेली आद्याक्षरे घासून काढल्याचा खोलगटपणा लागतो का ते तपासा; तसा लागला तर वरचे दहा टक्केही देऊ नका.