बेळगावात घरच्या काचपेटीत लेपँथिस, मॅसडेव्हॅलिया जगतील का?

ही दोन्ही छोटी, थंड हवेतली ऑर्किड जून ते फेब्रुवारी तगतील. पण मार्च ते मे रात्री गारवा देण्याची सोय नसेल, तर मॅसडेव्हॅलिया आणूच नका. या झाडांचं घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली ढगात बुडालेली जंगलं. त्यांना दिवसा २२-२४ आणि रात्री १२-१६ अंश मानवतं. बेळगाव जेमतेम ७५० मीटर उंचीवर आहे. उकाड्याच्या रात्री झाड दिवसाचं अन्न श्वसनातच संपवतं, मग पानं एकेक करून गळतात. बर्फाच्या बाटल्यांचा गारवा फार वेळ टिकत नाही. पेटी एसीच्या खोलीत ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

बहुतेक झाडं मात्र उकाड्याने नाही, तर कुजून जातात. आर्द्रता ८०-९० टक्के हवी, पण हवा हलती. १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा रात्रंदिवस मंद चालू ठेवा. सकाळी फवारा मारल्यावर पानाच्या बुडाशी अडकलेला थेंब तासाभरात सुकला पाहिजे. तो दुपारपर्यंत तसाच राहिला तर तिथेच काळा डाग पडतो. रोप कुंडीत न लावता सालीच्या तुकड्यावर, शेवाळाच्या पातळ थरावर दोऱ्याने बांधा. पाणी पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ५० च्या आत. बोअरच्या पाण्यातले क्षार शेवाळात साठून मुळांची टोकं जाळतात. एलईडी ११-१२ तास पुरे.

पहिल्या वर्षी लेपँथिस टेलिपोगॉनिफ्लोरा घ्या, ते उष्णता बरंच सोसतं. चोर्ला किंवा खानापूरच्या रानातली ऑर्किड मात्र काढून आणू नका.